आधी जाळी बघा

आमच्या डिशवॉशरचं काहीही बिघडलं नव्हतं. तरी माझे साडेआठ हजार रुपये गेले.

मशीन सुरू केलं की थोडी घरघर व्हायची, मग नळाचं चिन्ह लुकलुकायचं आणि सगळं ठप्प. पाणी आत येतच नव्हतं. कंपनीचा माणूस आला. त्याने ना नळ तपासला, ना पाइपला हात लावला. "मॅडम, कार्ड गेलंय." कार्ड म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. कार्ड बदललं, बिल घेतलं, गेला. संध्याकाळी पुन्हा तेच! फोन केला, तर म्हणे आता व्हॉल्व्ह बदलावा लागेल, त्याचे पैसे वेगळे. मग कार्ड कशाला बदललंत? "बसवलेला पार्ट परत घेत नाही." एवढंच उत्तर. आवाजात जराही संकोच नाही.

दोन दिवसांनी सोसायटीचे प्लंबरकाका बाथरूमच्या कामाला आले होते, त्यांना सहज सांगितलं. त्यांनी नळ बंद करून मशीनमागचा पाइप सोडवला, बादलीत धरला आणि नळ उघडला. धार जोरात. मग पाइप जोडतात त्या तोंडातली इवलीशी जाळी पकडीने ओढून काढली. लाल गाळाने पार लिंपलेली! आदल्याच आठवड्यात सोसायटीच्या टाक्या धुतल्या होत्या. जाळी जुन्या टूथब्रशने घासून बसवली आणि मशीनमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला. आनंद कसला, संतापाने माझे हात थरथरत होते. दहा मिनिटांचं काम होतं हो!

म्हणून सांगते. आधी प्लग काढा. नळ पूर्ण उघडा आहे का, पाइप मशीनमागे दुमडलाय का, ते बघा. मग बादलीची परीक्षा करा. धारच बारीक असेल, तर दोष नळाचा किंवा दाबाचा. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब कमीच असतो. धार चांगली असेल, तर जाळी काढा. क्षार चिकटले असतील, तर व्हिनेगरमध्ये भिजवा. जाळी फेकून मात्र देऊ नका, गाळ थेट व्हॉल्व्हमध्ये जाईल. मशीनच्या आत तळाशी प्लास्टिकचा फ्लोट असतो. तो वर अडकला तरी मशीनला वाटतं पाणी भरलंय. एवढं करूनही पाणी येत नसेल, तरच व्हॉल्व्हचा संशय घ्या.

खर्चाचा आकडा आधी लिहून घ्या, काढलेला पार्ट स्वतःकडे ठेवा. मी ठेवला नाही, त्यामुळे भांडायला हातात पुरावा उरला नाही.

आणि कोणी आल्या आल्या कार्ड बदला म्हणालं, तर त्याला तुमच्यासमोर जाळी काढून दाखवायला लावा. त्याआधी एक रुपयाही देऊ नका.