मालाच्या फोटोला सावली : कशी द्यावी, किती द्यावी

दुकानात आलेले गिऱ्हाईक माल हातात घेते, उलटसुलट करून पाहते, कापड दोन बोटांत चोळते, भांडे टिचकी मारून वाजविते. वेबसाइटवर माल पाहणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. त्याच्यापुढे असतो तो फक्त फोटो. वस्तू जाड की पातळ, पोकळ की भरीव, सपाट की उंच, हे त्याचे डोळे बरेचसे सावलीवरून ठरवितात. म्हणून फोटोतील सावली ही केवळ शोभेची बाब नव्हे, ती मालाची साक्ष आहे. ती कशी द्यावी आणि कोठे थांबावे, याचा विचार या लेखात करू.

आमच्या डोळ्यांपुढे दोन प्रकारचे वाचक आहेत. एक, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील लहान वर्कशॉप चालविणारे. बुश, फ्लँज, प्रेसचे सुटे भाग, ग्रील असा त्यांचा माल. दुसरे, औरंगाबादच्या (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) हिमरू, मशरू आणि बिदरीच्या धंद्यातील मंडळी. माल वेगळा असला तरी अडचण एकच. दूरगावचे गिऱ्हाईक आधी फोटो पाहते, मग भाव विचारते.

सावली जाते कोठे?

आजकाल मोबाइलवरच एका बोटाने फोटोमागची पार्श्वभूमी काढून टाकता येते. पत्र्याची भिंत, तेलकट टेबल, मागचे सामान सारे नाहीसे होते आणि वस्तू स्वच्छ पांढऱ्यावर येते. पण पार्श्वभूमीबरोबर वस्तूची खरी सावलीही कापली जाते. मग पाच किलोचा फ्लँज कागदाच्या चकतीसारखा हवेत तरंगताना दिसतो. गिऱ्हाइकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. सावली देणे म्हणजे नवी सजावट करणे नव्हे. जी सावली कापली गेली ती परत ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

सावलीचे चार नियम

प्रकाशाच्या विद्येत आपल्या पूर्वजांनी मोठे काम केले आहे. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाश व दृष्टी यांवरील ग्रंथ लिहिला, आणि सावल्यांवर एक स्वतंत्र प्रबंधही लिहिला. कारागिराने त्यातले गणित शिकण्याची गरज नाही. पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे.

१. वस्तू जेथे जमिनीला टेकते तेथे सावली सर्वांत दाट असते. तेथून दूर जाताना ती विरळ व धूसर होत जाते.

२. सावली नेहमी उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडते. वस्तूवरची चमक डावीकडे आणि सावलीही डावीकडे, असे कधी होत नाही.

३. लहान दिव्याची सावली धारदार कडेची असते. मोठ्या खिडकीची किंवा ढगाळ आभाळाची सावली मऊ कडेची असते.

४. सावली निव्वळ काळी नसते. ज्या पृष्ठभागावर ती पडते त्याचा रंग तिच्यात उतरतो.

आधी फोटो नीट काढा

संगणकावर केलेली दुरुस्ती चांगल्या फोटोची जागा घेऊ शकत नाही. वर्कशॉपचे शटर अर्धे उघडून त्याच्या आत टेबल ठेवावे. थेट ऊन टेबलावर येऊ देऊ नये. आतील ट्यूबलाइट बंद करावी, नाहीतर दोन दिशांनी दोन सावल्या पडतात. मोठा पांढरा कार्डशीट टेबलावर पसरून त्याची मागची बाजू वळण देऊन वर उभी करावी, म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. उजेड डावीकडून येत असेल तर उजवीकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा. त्यावरून परतलेला उजेड सावलीचा काळेपणा कमी करतो.

असा फोटो आला तर पुष्कळदा पार्श्वभूमी काढण्याची गरजच उरत नाही. थोडा उजळ केला की काम भागते. खरी सावली मिळत असेल तर तीच ठेवावी. बनावट सावली हा दुसरा मार्ग आहे, पहिला नव्हे. मूळ फोटोची एक प्रत मात्र न बदलता नेहमी जपून ठेवावी.

संगणकावरील कृती

यासाठी फोटोशॉप चालते. ते विकत घ्यायचे नसेल तर गिम्प हा मोफत प्रोग्रामही चालतो. कृती अशी :

१. पार्श्वभूमी काढलेली वस्तू एका स्वतंत्र थरावर, म्हणजे लेयरवर घ्यावी. तिच्याखाली दुसरा पांढरा थर ठेवावा.

२. वस्तूच्या थराला ‘ड्रॉप शॅडो’ लावावी. फोटोशॉपमध्ये ती थराच्या स्टाइलमध्ये मिळते, गिम्पमध्ये फिल्टरच्या यादीत ‘लाइट अँड शॅडो’ या गटात.

३. दिशा ठरवावी. फोटोशॉपमधील कोन हा सावलीचा नसून उजेडाचा असतो. १२० अंश ठेवल्यास उजेड वर-डावीकडून येतो आणि सावली खाली-उजवीकडे पडते. मूळ फोटोत चमक कोणत्या बाजूला आहे ते पाहूनच कोन द्यावा.

४. अंतर, मऊपणा आणि दाटपणा ठरवावा. १००० पिक्सेल रुंदीच्या फोटोला सुरुवातीस अंतर ६ ते १०, मऊपणा २० ते ३० आणि दाटपणा २५ ते ३५ टक्के ठेवून पाहावा. हे आकडे म्हणजे कायदा नव्हे, वस्तू पाहून कमी-जास्त करावेत.

५. उभ्या वस्तूला, उदाहरणार्थ सुरईला, एवढे पुरत नाही. ड्रॉप शॅडो वस्तूच्या मागे भिंत असल्यासारखी दिसते. तिची सावली जमिनीवर आडवी पडलेली हवी. फोटोशॉपमध्ये सावली वेगळ्या थरावर काढून घेता येते. ती ओढून आडवी करावी आणि टोकाकडे पुसट करावी. मग बुडाशी, टेकल्याच्या जागी, मऊ ब्रशने एक बारीक दाट रेघ द्यावी. ही रेघच वस्तूला जमिनीवर बसविते.

६. सर्व मालाला एकच दिशा आणि एकच दाटपणा ठेवावा. एका पानावर वीस वस्तू असतील आणि वीस दिशांना सावल्या असतील, तर दुकान विस्कटलेले दिसते. ठरलेले आकडे वहीत लिहून ठेवावेत.

फाइल आणि वेबसाइट

जेपीजी फाइलमध्ये पारदर्शकता राहत नाही. वेबसाइटचे पान पांढरेच असेल तर वस्तू व सावली पांढऱ्यावर बसवून जेपीजी करावी, फाइल हलकी राहते. पानाचा रंग वेगळा असेल तर पीएनजी किंवा वेबपी घ्यावी. त्यांत सावली अर्धपारदर्शक राहून कोणत्याही रंगावर शोभते. जीआयएफ टाळावी. तिच्यात एखादा ठिपका एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही, त्यामुळे मऊ सावलीची कड करवतीसारखी होते.

वेबसाइट बांधणारा मुलगा ‘सावली मी कोडमधून देतो’ असे म्हणेल. ते शक्य आहे, पण त्याला एक फरक विचारावा. ‘बॉक्स-शॅडो’ ही आज्ञा फोटोच्या चौकोनाला सावली देते. कापलेल्या वस्तूच्या पारदर्शक फोटोला ती लावली तर रिकाम्या चौकोनाची सावली दिसते. वस्तूच्या आकाराप्रमाणे सावली हवी असेल तर फिल्टरमधील ‘ड्रॉप-शॅडो’ ही आज्ञा हवी. मात्र जमिनीवर आडवी पडलेली सावली फोटोतच करून द्यावी लागते.

माल तशी सावली

सपाट पसरलेल्या हिमरू शालीला सावली अगदी कमी द्यावी, कडेला पुसटशी रेघ पुरे. चार घड्या घातलेल्या शालीला घडीच्या जाडीइतकी द्यावी. मशरूची तर खासियतच दोन बाजूंची आहे : वर रेशीम, आत अंगाला लागणारे सूत. शरीअतला मंजूर, या अर्थाने त्याला मशरू नाव पडले. त्याचा एक कोपरा उलटा दुमडून फोटो घ्यावा. त्या दुमडीची खरी सावली कापडाची जाडी सांगते आणि दोन्ही बाजू एकाच फोटोत येतात.

बिदरीचे काम अवघड. वस्तू काळी आणि सावलीही काळी, त्यामुळे बुडाची कड सावलीत बुडून जाते. येथे सावली २० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि रंग काळ्याऐवजी राखी घ्यावा. चांदीच्या तारेवर थेट उजेड पडला तर नक्षी पांढरी होऊन जाते. उजेडापुढे बटर पेपर किंवा पांढरा मलमल धरावा.

लेथच्या कामात बाहेरच्या सावलीपेक्षा आतली सावली महत्त्वाची. भोक आरपार आहे की बंद, आतली पायरी किती खोल आहे, हे घेणारा भोकातल्या अंधारावरून ओळखतो. फोटो उजळ करण्याच्या नादात ती पुसू नये. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून एक फोटो जरूर द्यावा.

सावली कोठे थांबवावी?

आता मूळ मुद्दा. जे साधन खरी जाडी दाखविते तेच खोटी जाडीही दाखवू शकते. पातळ शालीखाली रुंद, दाट सावली घातली की ती भारी दिसते. वेल्डिंगमधली फट किंवा ओतकामातले छिद्र गडद सावलीत लपविता येते. एक शब्दही खोटा न लिहिता खोटे बोलणे झाले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील बाजारातला प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तर मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. धान्य भिजले हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ते खाली राहिले, हा होता. फोटोतील सावलीला हाच न्याय लागू होतो. दोष झाकणारी सावली म्हणजे ओल्या धान्यावर पसरलेला कोरडा थर.

देशाचा कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे मालाची जाहिरात त्याच्या खऱ्या गुणांशी जुळली पाहिजे. जाहिरातीत दाखविल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही.

आणि हिशेब पाहा. समजा, ८०० रुपयांच्या शालीत नफा १२० रुपये आहे आणि जाण्या-येण्याचे भाडे मिळून १४० रुपये पडते. एक शाल ‘फोटोत जाड दिसत होती’ म्हणून परत आली, की विकलेल्या दुसऱ्या शालीचा सगळा नफा तर गेलाच, वर पदरचे २० रुपये गेले. शिवाय त्या गिऱ्हाइकाने लिहिलेला शेरा पुढच्या प्रत्येकाला दिसत राहतो. मोठ्या कंपनीला हे पचते. दोन मागांच्या किंवा एका लेथच्या मालकाला पचत नाही.

फोटो वेबसाइटवर चढविण्यापूर्वी एक कसोटी लावावी. वस्तू शेजारी ठेवावी, फोटो मोबाइलवर उघडावा, आणि त्या धंद्यात नसलेल्या घरच्या माणसाला विचारावे, ही तीच वस्तू वाटते का? फोटोत ती जाड, जड किंवा नवी वाटते असे उत्तर आले तर सावली कमी करावी. फोटोत ती फिकी वाटते असे उत्तर आले तर बिनदिक्कत वाढवावी, कारण आपल्या मेहनतीचे मोल कमी दाखविणे हेही बरोबर नाही. दोन्ही सारखी वाटली की फोटो चढवावा. पार्सल उघडताना गिऱ्हाइकाच्या हातात जे येईल तेच त्याने आधी पाहिलेले असावे. बरकत त्याच विक्रीत असते.