पैठणी कपाटात ठेवण्याआधी

लग्न पार पडलं, पाहुणे पांगले. आता पैठणीकडे बघ, आणि याच आठवड्यात बघ. रेशमी साडी नेसून झिजत नाही तेवढी कपाटात खराब होते. तिला खाणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी आपणच घडीबरोबर आत ठेवतो.

आधी पिना काढ. निऱ्यांत एखादी राहतेच. पावसाळ्यात ती गंजते आणि गंजाचा डाग रेशमाला चिकटून बसतो. मग साडी पंख्याखाली चादरीवर पसर, घाम वाळू दे. घामातल्या क्षारांनी रेशीम कमजोर होतं.

आता उजेडात डाग शोध. न दिसणारे डाग जास्त वाईट. सरबत सांडलं की वाळल्यावर काही दिसत नाही, पण साखर धाग्यात राहते आणि पुढे कधीतरी तिथे तपकिरी डाग उमटतो. ड्रायक्लीनिंगनं तेल-तूप निघतं, साखर निघत नाही. तिला पाणीच लागतं. म्हणून लाँड्रीवाल्याला बोट ठेवून सांगायचं, ‘इथे सरबत सांडलंय.’

हळदीच्या डागाला साबण लावू नकोस. लावलास तर डाग लालभडक होईल. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तोच प्रकार. डागाच्या रंगापेक्षा साबणातल्या क्षाराची काळजी कर, रेशमाला तो सोसत नाही. आणि ब्लीच तर रेशीम विरघळवूनच टाकतं.

जरीचं गणित वेगळं. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा पातळ मुलामा. काळी पडते ती आतली चांदी, आणि तिला काळं करतो गंधक. म्हणून घडीला रबरबँड लावू नकोस, रबरात गंधक असतो. लोकरीची शाल शेजारी नको, लोकरीतही तो असतो. सेंट मारायचा तर नेसण्याआधी अंगाला मार, साडीवर नाही. इस्त्री कोमट ठेव आणि मध्ये सुती कापड घाल. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, तेव्हा उलटी बाजू शोधत बसू नकोस.

गुंडाळायला जुनं, मऊ, धुतलेलं मलमल घे. खळ नको, खळीवर कसर येते. प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यात ओल कोंडते आणि बुरशी धरते. वर्तमानपत्र नको, शाई लागते आणि त्या कागदातलं आम्ल कापडाला बाधतं. लाकडी फळीवर थेट ठेवू नकोस, लाकडातूनही आम्लाची वाफ निघते. हँगरला टांगलीस तर जरीच्या वजनानं रेशीम ओढलं जाईल. डांबरगोळ्या घडीत घालू नकोस. वेखंड-लवंगांची पुरचुंडी कोपऱ्यात ठेव, पण साडीला टेकवून नाही. लवंगेचं तेल उतरतं.

दर तीन-चार महिन्यांनी घडी मोड आणि नव्या रेषेवर घाल. एकाच रेषेवर राहिली की जर तिथेच तुटते, मग रेशीम उसवतं. मोरांचा भरगच्च पदर असेल तर दुकानातून पुठ्ठ्याची जाड नळी माग, तिला मलमल गुंडाळ आणि पदर त्यावर सैल गुंडाळून ठेव. पाऊस सरला, दसरा आला की साडीला हवा दे, पण सावलीत. उन्हानं रंग उडतो आणि रेशीम ठिसूळ होतं.

आणि नेसत जा, बाई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेस, भाचीच्या बारशाला नेस. नेसताना घडी आपोआप मोडते, हवा लागते, कसर लागली असेल तर वेळेत दिसते. जाऊबाईंनी मागितली तर खुशाल दे. परत आली की सरबत सांडलं का ते मात्र विचार, आणि कुठे तेही.