मार्क आलेच नाहीत!



४ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या तिसरीच्या मुलांची चाचणी झाली. संध्याकाळी आईने धाकट्याला विचारले, "किती मार्क पडले रे?" महिने उलटले, पण मार्क काही आले नाहीत. शेवटी गुरुजींनी उलगडा केला.

ते देशभराचे 'परख' सर्वेक्षण होते. काही शाळा निवडतात आणि तिथली तिसरी, सहावी, नववीची मुले तपासतात. शितावरून भाताची परीक्षा, तसेच हे. एकेका मुलाचा निकाल त्यात लागत नाही. जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा लागतो. सहावीतल्या १०० पैकी ५३ मुलांनाच १० पर्यंतचे पाढे येतात, हे त्यातून कळले. म्हणजे पोरांना रागावून भागायचे नाही, शिकवण्यातही काही कमी आहे.

नवोदयची परीक्षा वेगळी. (पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीचे बरं का!) ती मुले निवडण्यासाठीच असते. पाचवीत असताना, तीही एकदाच देता येते. २ तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीचे. एका विद्यालयात जागा जास्तीत जास्त ८०, आणि बसणारी मुले सगळ्या जिल्ह्यातली. जागा भरल्या की यादी संपली. राहिलेली मुले नापास झाली असे नव्हे.

आमच्या ताईचे नाव यादीत नव्हते. दोन दिवस ती नीट जेवली नाही. तिला ३० पर्यंतचे पाढे येतात, पण ते त्या यादीत कुठे दिसणार?

– इयत्ता सहावीतील एक विद्यार्थी