सेजला आळं नको

आमच्या मिसिसागाच्या घरामागच्या अंगणात पहिलं रशियन सेज आलं २००८ च्या मे महिन्यात, आणि २००९ च्या वसंतात ते मेलेलं सापडलं. थंडीनं मेलं, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. कॅनडात झाड गेलं की थंडीवर खापर फोडायची आपल्याला सवयच असते. त्याच जागी लावलेलं दुसरं झुडूपही पुढच्या वर्षी गेलं, तेव्हा मात्र उकरून पाहिलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती. झाड बुडून मेलं होतं आणि बुडवणारे आम्हीच होतो! उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या तुळशीला रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी, आणि हातासरशी शेजारच्या सेजलाही तांब्याभर, असा आमचा नेम होता. शिवाय आजोबांकडून शिकल्याप्रमाणे झाडाभोवती छान खोलगट आळं केलेलं. पाऊस पडला की त्यात तळं साचायचं आणि आम्ही कौतुकानं बघत बसायचो.

तेव्हापासून आजपर्यंत जे शिकलो ते इथे मांडतो आहोत. आम्ही काही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. पण दरवर्षी गणेशोत्सवात कोणी ना कोणी विचारतंच, "तुमच्याकडचं ते निळं झुडूप कुठलं हो?" म्हणून हा लेखप्रपंच.

आधी नावाचा घोळ. त्या वर्षी पुण्याला आईंना फोनवर सांगितलं, "अंगणात सेज लावलंय." तिकडे तेव्हा रायगडातल्या सेझच्या बातम्या रोज येत होत्या. आईंनी काळजीनं विचारलं, "कुणाची जमीन गेली?" तर हे ते सेझ नव्हे, आणि झोपायची शेजही नव्हे. सेज म्हणजे साल्व्हिया. पुण्या-मुंबईच्या बागांत हिवाळ्यात लालभडक तुऱ्यांचा जो साल्व्हिया लावतात, त्याचेच हे भाऊबंद. आणि हे सारं कुळ आपल्या तुळशीचं. खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीनं, फूल दोन ओठांचं, आणि पान चुरगळलं की वास. पुदिना, ओव्याची पानं, सब्जा ही सगळी याच घरातली.

रशियन सेज हे नाव तर दोन्ही बाजूंनी फसवं होतं. ते मूळचं रशियाचं नाही. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पश्चिम हिमालय, तिबेट इथल्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं ते झुडूप. १८४१ साली त्याच्या वंशाचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा पेरोव्स्की नावाच्या रशियन सेनापतीवरून त्याला पेरोव्स्किया म्हटलं, म्हणून ते रशियन. आणि पावणेदोनशे वर्षं ते सेजही नव्हतं. २०१७ साली जनुकांचा अभ्यास करून त्याला साल्व्हियात घेतलं. आता त्याचं नाव साल्व्हिया यांगी. त्याच वेळी रोजमेरीलाही साल्व्हियात जागा मिळाली. नर्सरीतल्या पाटीवर अजून जुनं नाव दिसतं, गोंधळू नका.

आता कोणी काय लावावं? टोरंटोच्या आसपास रशियन सेज बिनधास्त लावा. तीन-चार फूट उंच, रुपेरी काड्या, आणि जुलैपासून पार सप्टेंबरपर्यंत जांभळट निळा धूर उठावा तशी फुलं. कॅल्गरीतही ते तगतं, फक्त तिथे हंगाम छोटा म्हणून फुलायला उशीर होतो. भिंतीजवळची उन्हाची जागा द्या. त्याहून काटक हवं असेल तर 'मे नाइट' नावाचं गर्द जांभळं साल्व्हिया घ्या. हे झुडूप नव्हे, दरवर्षी जमिनीतून नव्यानं फुटतं. पण जूनमधला पहिला बहर ओसरल्यावर तुरे छाटले की पुन्हा फुलतं. टेक्सास-मेक्सिकोकडची लाल-गुलाबी झुडुपी साल्व्हिया व्हिक्टोरिया-व्हँकुव्हरकरांनी जमिनीत लावावीत. आपण ओंटारियोवाल्यांनी ती कुंडीतच ठेवावीत आणि थंडीत गॅरेजमध्ये घ्यावीत. स्वयंपाकातलं सेज मात्र आमच्याकडे बाहेरच थंडी काढतं. त्याच्या पानांची बेसनात बुडवून भजी करा, ओव्याच्या पानांसारखी. माणशी दोन-तीन पुरे, वास उग्र असतो.

खरेदी करताना पाटीवरचा झोन बघा, पण तो कोणत्या देशाचा तेही बघा. अमेरिकेचा झोन फक्त हिवाळ्यातल्या किमान तापमानावर ठरतो. कॅनडाच्या नकाशात बर्फाचा थर, वारा, पाऊस, उन्हाळ्यातलं तापमान असं बरंच काही धरलेलं असतं. म्हणून दोघांचे आकडे नेहमी जुळत नाहीत.

ओकानागनला कधी गेलात तर ओसोयूसच्या टेकड्यांवर करडी झुडपं दिसतील. त्यांना सेजब्रश म्हणतात. तिथे वर्षाला पाऊस साधारण तीनशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. हे मात्र सेज नव्हेच. ते आपल्या दवण्याचं भावंड. पान चोळून हुंगलं तर जोतिबाच्या चैत्र यात्रेची आठवण यावी इतकं.

असो. मुद्दा मातीचा. आपल्या नव्या वसाहतींत बिल्डर वरची चांगली माती काढून नेतो आणि हिरवळीखाली चार बोटं माती अंथरतो. त्याखाली चिकणमाती. तिची परीक्षा सोपी आहे. फूटभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात इंचभरही पाणी उतरलं नाही, तर तिथे सेज जगणार नाही. त्या चिकणमातीत आम्ही वाळू मिसळून पाहिली. वीट तयार झाली. खड्ड्याच्या तळाशी खडीही घालून पाहिली. पाणी खडीच्या वरच अडून बसलं, मुळं तिथेच. शेवटी जे जमलं ते आळ्याच्या अगदी उलट होतं. आठ-दहा इंच उंच, ऐसपैस उंचवटा केला, त्यात थोडं कंपोस्ट घातलं आणि झाड त्याच्या माथ्यावर लावलं. पाणी चारी बाजूंनी निघून जातं. शेणखताची पिशवी मात्र गुलाबाला ठेवा. सेजला खत मिळालं की काड्या लांबतात आणि झाड लोळतं.

लावायची वेळ व्हिक्टोरिया डेनंतर. जागा निदान सहा तास उन्हाची, दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर. एक सांगायला हवं, दुष्काळाला टिकणारं झाड पहिल्या वर्षी दुष्काळाला टिकत नाही! पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं खाली जातात. रोजच्या तांब्यानं ती वरच्या वर राहतात. दुसऱ्या वर्षापासून झारी उचलून ठेवा. आमची सात झुडपं आता पावसावरच आहेत.

शरद ऋतूत छाटणी करू नका. बाग आवरायचा मोह होतो, शेजारीही बघत असतात, पण त्या वाळक्या काड्या बर्फ धरून ठेवतात आणि बर्फाखाली बुंधा सुरक्षित राहतो. खरा धोका मार्चमध्ये. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, आणि ओल्या चिकणमातीतून मुळं वर उचलली जायची. एप्रिलअखेर-मेमध्ये बुंध्याशी हिरवे कोंब दिसले की मग सहा इंचांवर छाटा. कोंब उशिरा येतात. घाईनं झाड उपटू नका. आम्ही एक जिवंत झाड असं फेकलं आहे.

मुलांना एक गंमत दाखवा. 'मे नाइट'च्या फुलात काडीपेटीतली काडी हलकेच आत सरकवा. वरून पुंकेसर खाली झुकून काडीला पराग लावतो. मधमाशी आत शिरते तेव्हा तिच्या पाठीवर हेच होतं. रशियन सेजमध्ये ही तरफ नाही, तिथे हा प्रयोग फसेल.

आता पाण्याबद्दल थोडं. कॅनडात पाण्याला काय तोटा, असं आपण म्हणतो. पण ऑगस्ट २०२३ मध्ये व्हँकुव्हर परिसरात हिरवळीला पाणी घालायला पूर्ण बंदी आली. ५ जून २०२४ ला कॅल्गरीत मुख्य जलवाहिनी फुटली आणि शहरभर बागांचे नळ बंद झाले. आपली बागेतली नळी मिनिटाला पंधरा-वीस लिटर, म्हणजे तासाला हजार लिटरच्या आसपास पाणी सोडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जी पहिली पाण्याची रेल्वेगाडी गेली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. आपल्यातल्या वीस घरांनी उन्हाळाभरात पंचवीस-पंचवीस तास हिरवळीवर नळी सोडली की तेवढं होतं. लातूरकर आमच्या नात्यात आहेत, म्हणून तो हिशेब एकदा मांडून बघितला आणि पुढच्या वर्षी पुढच्या अंगणातली अर्धी हिरवळ काढली. नळी बंद केल्यानं इथलं पाणी मराठवाड्यात पोचत नाही, हे आम्हालाही कळतं. बिलातले वाचलेले पैसे मात्र पोचू शकतात. या पुस्तिकेचा निधी दुष्काळी गावांतल्या पाण्याच्या कामालाच जाणार आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी देणगीच्या टेबलाशेजारी आमच्या कुंड्या असतील. गेल्या जूनमध्ये कोवळ्या काड्यांपासून केलेली रोपं आहेत. किंमत तुम्हीच ठरवा, सगळी रक्कम निधीत. घरी नेल्यावर लगेच पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच घाला. आणि लावताना आळं करायला हात शिवशिवले, तर आम्हाला फोन करा.