राहेलीची सुईण आणि पायाळू मूल

उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायातील १६ ते २० ही वचने आपण बहुधा बन्यामिनाच्या जन्माचा दाखला म्हणून वाचतो व पुढे जातो. याकोबाचे कुटुंब बेथेल सोडून एफ्राथच्या वाटेवर आहे. मुक्काम अजून दूर आहे आणि वाटेतच राहेलीला कळा लागतात. कळा फार बिकट होतात. त्या अवस्थेत सुईण तिला धीर देते की भिऊ नको, हाही मुलगाच आहे. त्यानंतर राहेलीचा प्राण जातो.

या वृत्तांतातील क्रम ध्यानात घ्यावा. सुईणीचे बोलणे बिकट कळांच्या वेळचे आहे. मूल डोक्याकडून जन्मते तेव्हा ते मुलगा की मुलगी हे बहुतेक अंग बाहेर आल्यावरच कळते. मूल पायांकडून किंवा ढुंगणाकडून येत असेल तर मात्र डोके आत असतानाच ते कळून चुकते. एवढ्यावरून काही वैद्यकीय अभ्यासकांनी असा तर्क केला आहे की बन्यामीन पायाळू असावा. पवित्र शास्त्रात तसे लिहिलेले नाही, आणि तर्क तो तर्कच. पण पुढे तीनच अध्यायांनंतर, उत्पत्ती ३८:२७-३० मध्ये, तामारेच्या जुळ्यांपैकी एकाचा हात आधी बाहेर येतो, सुईण त्याला तांबडा दोरा बांधते, हात आत जातो व भाऊच आधी जन्मतो. मूल नेहमीच सरळ येत नाही हे त्या काळच्या सुइणींना चांगले ठाऊक होते.

काही उपदेशक राहेलीच्या मृत्यूचा संबंध ३१ व्या अध्यायाशी जोडतात. लाबानाच्या घरच्या मूर्ती तिने लपवल्या होत्या, आणि ज्याच्याजवळ त्या सापडतील तो जगणार नाही असे याकोब अजाणता बोलून गेला होता. ही जोडणी जुनी आहे, पण ३५ व्या अध्यायात तिला आधार नाही. तेथे पाप नाही, शाप नाही. तेथे आहे एक अवघड बाळंतपण, दूरचा रस्ता आणि शेवटपर्यंत बाळंतिणीजवळ बसून राहिलेली एक सुईण. रविवारच्या शाळेत हा पाठ शिकवताना शिक्षकांनी एवढे तरी जपावे, कारण आपल्या वर्गातील एखाद्या मुलाची आईही बाळंतपणात गेलेली असू शकते.

दोष शोधण्याची ही खोड आपल्या घरांतही आहे. उलट्या जन्मलेल्या मुलासाठी आपल्या भाषेत ‘पायाळू’ हा खास शब्द आहे, आणि त्या शब्दाला किती समजुती चिकटल्या आहेत! पायाळूवर वीज पडते, म्हणून पाऊस गडगडू लागला की त्याला अंगणात जाऊ देत नाहीत. कोणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूला बोलावून पाठीवर लाथ मारून घेतात. ही समजूत निदान हसण्यावारी नेता येते. मात्र पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, ही समजूत हसण्यासारखी नाही. तिच्यापायी अजाण मुलांना रात्री-अपरात्री भोंदूंच्या हाती देण्याचे प्रकार घडले आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली व कर्नाटकात २०१७ साली अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदे झाले. महाराष्ट्राच्या कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. ख्रिस्ती घरांत हे चालत नाही असे आपण म्हणतो. अंजन चालत नसेल. उसण मात्र पुष्कळ घरांत चालते.

ज्यांना या गोष्टींचा अभ्यास होता ते समजुतींवर विसंबून राहिले नाहीत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अडलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटले आहे व तो कोणकोणत्या प्रकारे येतो हे सांगितले आहे : दोन्ही मांड्यांनी येणारा, एक मांडी दुमडून दुसरीने येणारा, ढुंगणाकडून आडवा येणारा. चिकित्सास्थानात प्रत्येकासाठी हाताची वेगळी युक्ती दिली आहे. एका पायाने आला तर दुसरा पाय सरळ करून काढावा, ढुंगणाने आला तर ते वर लोटून पाय मोकळे करावे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्राचीन प्रसूतिशास्त्र हाच होता. पहिल्या बाळंतपणातले आपले मूल त्यांनी दहा दिवसांत गमावले होते.

आता मूल उलटे का राहते ते पाहू. सहाव्या-सातव्या महिन्यात गर्भाशयात जागा भरपूर असते व मूल पाण्यात मोकळेपणी फिरत असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुमारे चारांतले एक मूल उलटे सापडते. पुढे मूल वाढते, जागा कमी होते. गर्भाशयाचा वरचा भाग रुंद व खालचा निमुळता असल्यामुळे दुमडलेले पाय व ढुंगण यांना वरची जागा सोयीची पडते आणि डोके खाली वळते. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार मुलेच उलटी राहतात. दिवस भरण्याआधीच कळा लागल्या, जुळी असली, वार खालच्या बाजूला असली, गर्भजल फार कमी किंवा फार जास्त असले, गर्भाशयाची ठेवण वेगळी असली किंवा त्यात गाठ असली, तर मूल उलटे राहण्याचा संभव वाढतो. पुष्कळदा यांतले एकही कारण सापडत नाही. आईने ग्रहणात काही चिरले, उंबऱ्यावर बसली, सासूशी भांडली, यांतले कोणतेही कारण या यादीत नाही.

येथे मंडळीतील बंधुभगिनींना एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. सातव्या महिन्यात सोनोग्राफीच्या कागदावर ‘ब्रीच’ असे आले की घरची माणसे घाबरून प्रार्थनेला बोलावतात. प्रार्थना होते, नवव्या महिन्यात मूल सरळ झालेले असते व साक्षीच्या सभेत ते सांगितले जाते. देवाचे उपकार मानावेत, त्यात काही चूक नाही. पण सातव्या महिन्यात उलटी असलेली बहुतेक मुले आपोआपच फिरतात, हेही त्याच सभेत सांगितले पाहिजे. नाहीतर मागच्या बाकावर बसलेली दुसरी भगिनी, जिचे मूल छत्तिसाव्या आठवड्यातही फिरले नाही, ती काय समजते? आपला विश्वास उणा पडला असे ती समजते. आणि मग ‘आणखी थोडी वाट पाहू, ऑपरेशन नको’ असे म्हणत घर वेळ घालवते. ही वेळ कशी महाग पडते ते समजून घ्यावे.

मुलाच्या शरीरात सर्वांत मोठा व कठीण भाग डोके. डोके आधी आले तर ते काही तास हळूहळू दबत, आकार घेत वाट काढते, व मागचे अंग सहज येते. उलट्या मुलाचे ढुंगण व धड आधी येते आणि डोके शेवटी. त्याला दबायला वेळ मिळत नाही. मुलाची बेंबी बाहेर आली की नाळ डोक्याखाली दाबली जाते आणि मग डोके काही मिनिटांतच सुटावे लागते. गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधीच लहान धड निसटून बाहेर आले, जसे दिवस न भरलेल्या मुलाचे होते, तर डोके अडकते. घाबरून कोणी धड ओढले तर हात वर जातात, मान ताठ होते व डोके अधिकच अडकते. म्हणून जाणते डॉक्टर अशा वेळी ओढत नाहीत. मूल आपल्या भाराने येऊ देतात व ठरलेल्या युक्तीने हात व डोके सोडवतात.

उलटेपणाचेही प्रकार आहेत. दिवस भरलेल्यांत सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे ढुंगण खाली व दोन्ही पाय सरळ वर, तोंडापाशी. दुसऱ्यात मूल मांडी घातल्यासारखे बसलेले असते. तिसऱ्यात एक वा दोन्ही पाय खाली लोंबत असतात. हा तिसरा सर्वांत धोक्याचा, कारण पाय वाट नीट बंद करीत नाहीत व पाणमोट फुटताच नाळ खाली घसरू शकते. असे झाल्यास बाईने कंबर उंच व छाती खाली ठेवून ओणवे राहावे, किंवा कुशीवर निजून कमरेखाली उशी घ्यावी, आणि तसेच तिला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आईला थोडी कल्पना आधी येऊ शकते. बरगड्यांखाली टणक, वाटोळे काही लागते व लाथा ओटीपोटात खाली बसतात. परिचारिकेला ठोके बेंबीच्या वरच्या बाजूस ऐकू येतात. खात्री सोनोग्राफीने होते. मूल कसे आहे, वार कोठे आहे, पाणी किती आहे हे जरूर विचारावे. मुलगा की मुलगी हे विचारू नये. १९९४ च्या कायद्याने ते सांगण्यास बंदी आहे, आणि राहेलीच्या सुईणीने ते सांगितले तेव्हा मूल जन्मतच होते.

छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात मूल उलटेच असेल तर डॉक्टर पोटावरून हाताने ते फिरवून पाहू शकतात. गर्भाशय सैल पडण्याचे औषध देऊन, मुलाचे ठोके तपासत, त्याला जणू कोलांटी मारायला लावतात. सुमारे निम्म्या वेळा हे साधते. दोनशेत एखादीला त्यानंतर तातडीचे ऑपरेशन करावे लागते, म्हणून हे ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच करतात. जुळी असताना, वार खाली असताना, रक्त जात असताना किंवा पाणी गेल्यावर हे करीत नाहीत. यावरून ध्यानात यावे की घरी तेल लावून पोट चोळून मूल फिरवणे किती धोक्याचे आहे. चोळणारीला वार कोठे आहे ते दिसत नाही व मुलाचे ठोके ऐकू येत नाहीत. गावच्या जुन्या सुइणींविषयी मला आदर आहे, तरी या एका बाबतीत त्यांना नाही म्हणावे. गुडघे टेकून ओणवे राहण्याचे व्यायाम कोणी सुचवतात. त्यांनी मूल फिरते असे सिद्ध झालेले नाही.

मूल फिरलेच नाही तर पुढे काय? २००० साली २६ देशांतील २,०८८ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी ठरवून सिझेरियन केलेल्या गटात मुलाचा मृत्यू किंवा गंभीर इजा शंभरात दोनाहून कमी, तर नैसर्गिक बाळंतपण ठरवलेल्या गटात शंभरात पाच आढळली. त्यानंतर जगभर उलट्या मुलासाठी सिझेरियनच होऊ लागले. २००४ साली त्याच मुलांपैकी काहींची दोन वर्षांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मृत्यू व वाढीतील दोष यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. तोपर्यंत उलटे मूल हाताने सोडवण्याची विद्या मात्र पुष्कळ ठिकाणी मागे पडली होती. सिझेरियनचा व्रण पुढच्या गरोदरपणात वारेच्या व गर्भाशयाच्या अडचणी आणू शकतो, हेही खरे. तेव्हा मूल कोणत्या प्रकारे उलटे आहे, वजन किती, येथल्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे काय, मध्येच ऑपरेशन लागले तर किती वेळात होईल, हे सर्व विचारून नवरा-बायकोने डॉक्टरांसह आधीच ठरवावे. ऑपरेशन करून घेणारी भगिनी विश्वासात कमी नव्हे. तिच्या बाळंतपणाला ‘खरे बाळंतपण’ नव्हे असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना पाळकांच्या पत्नीने किंवा भगिनी मंडळाने प्रेमाने पण स्पष्ट सांगावे.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी राहू नये. सरकारी दवाखान्यात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधे व ने-आण मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुलींनी आपले सर्व कागद बरोबर न्यावेत. इंदूरचे कागद बेळगावी पोचले नाहीत आणि मूल उलटे आहे हे कळा लागल्यावर कळले, असे होऊ नये. राहेल वाटेत होती. तिच्याजवळ पर्याय नव्हता.

मूल सुखरूप झाल्यावरही एक काम उरते. उलट्या राहिलेल्या मुलांत, विशेषतः मुलींत, खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष अधिक आढळतो, मग जन्म ऑपरेशनने झाला असला तरी. मूल रडत नाही, दुखत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही व चालू लागल्यावर मूल लंगडते. जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांकडून खुबे तपासून घ्यावे व सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करावी. लवकर कळले तर काही आठवडे पट्टा बांधून बहुधा भागते. मुलाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून करकचून बांधू नयेत. हात गुंडाळावेत, पण गुडघे दुमडून मांड्या बाहेर पसरता येतील एवढी जागा ठेवावी. पाय वर करून जन्मलेले मूल पहिले काही दिवस तसेच पाय वर घेऊन निजते. त्याने घाबरू नये. ते हळूहळू आपोआप खाली येतात.