होडीची वायर

तुमच्यापैकी अनेकांनी सातपाटीचे बंदर पाहिले असेल. पालघरहून बसने गेलात की खाडीच्या काठी उभ्या असलेल्या होड्या दिसू लागतात. ज्या पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, ते पकडायला या होड्या समुद्रात जातात. पूर्वी होड्या शिडावर चालत आणि रात्री डोलकाठीवर रॉकेलचा कंदील टांगत. पुढे इंजिन आले. इंजिनाबरोबर बॅटरी आली आणि बॅटरीबरोबर वायर आली. लाकडी होडी नीट राखली तर पुष्कळ वर्षे टिकते. वायर मात्र तेवढी टिकत नाही. म्हणून जुन्या होडीची वायर कधी ना कधी बदलावीच लागते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठे? बोईसरच्या बाजारात जावे, घराला लावतात ती वायर आणावी आणि जोडून टाकावी. शिवाय घरात २३० व्होल्ट असतात आणि होडीच्या बॅटरीत फक्त १२. व्होल्ट कमी, म्हणून वायरही बारीक चालेल! हा विचार सरळ वाटतो खरा, पण तो उलटा आहे.

दिव्याला लागणारी शक्ती वॅटमध्ये मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. समजा, डोलकाठीवर २४ वॅटचे दोन साधे बल्ब आहेत. म्हणजे एकूण ४८ वॅट झाले. एवढ्याच वॅटचे दिवे घरी लावले तर वायरमधून सुमारे ०.२ अँपिअर विद्युतप्रवाह जाईल. होडीत मात्र ४८ भागिले १२, म्हणजे ४ अँपिअर जातील. दिवे तेवढेच, पण प्रवाह जवळजवळ वीसपट! वायरची जाडी प्रामुख्याने या प्रवाहावर ठरते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथून वीज दूर नेणाऱ्या तारांमध्ये दोन लाखांहून अधिक व्होल्ट असतात, ते याच कारणासाठी. व्होल्ट वाढवले की प्रवाह कमी होतो आणि वाटेत वीज कमी वाया जाते. होडीत याच्या नेमके उलट घडते.

आता थोडे गणित करू. बॅटरीपासून दिव्यापर्यंत १२ मीटर अंतर आहे. विजेला जायचे असते तसे परतही यायचे असते, म्हणून वायर २४ मीटर धरावी. पुष्कळ लोक येथेच चुकतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. २४ मीटरला तो ०.४१ ओहम होतो. त्याला ४ अँपिअरने गुणा. १.६ व्होल्ट वाटेतच संपले! दिव्याला उरले १०.४. साध्या बल्बचा उजेड व्होल्टपेक्षा फार झपाट्याने घटतो. येथे तो जवळजवळ चाळीस टक्के कमी होईल. महत्त्वाच्या दिव्यांसाठी ही घट तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.३६ व्होल्टपेक्षा कमी ठेवतात. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.४१ व्होल्ट जातात. ती थोडक्यात नापास. ६ ची वायर घेतली तर ०.२७ जातात; ती पास.

थोडा उजेड कमी झाला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. डोलकाठीवरचे हे दिवे जाळे विणण्यासाठी नसतात. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रात्री जाळे टाकून मासेमारी करणाऱ्या होडीने वर तांबडा आणि खाली पांढरा दिवा लावायचा असतो. हे दिवे किमान दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून दिसले पाहिजेत. मोठ्या जहाजाला एकदम थांबता येत नाही, चटकन वळताही येत नाही. त्याला होडी वेळेवर दिसली नाही, तर होडीतल्या खलाशांचे काय होईल याचा विचार करा.

जाडी ठरली, तरी काम संपले नाही. घरातली वायर भिंतीत निवांत पडून असते. होडीतली वायर इंजिनाबरोबर सतत थरथरत असते. एकच जाड तार वारंवार वाकली की तुटते. म्हणून होडीला पुष्कळ बारीक तारांची लवचीक वायर घ्यावी. आणि त्या प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा असावा. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ना? तीच ही कल्हई. उर्दूतला ‘कलई’ हा शब्द तुम्हाला माहीत आहेच. नाखवा म्हणजेच नाखुदा. खलाशी आणि बंदर हे शब्दही दोन्ही भाषांना सारखेच जवळचे. कल्हई नसेल तर खारे पाणी टोकातून आत शिरते आणि तांबे हिरवे-काळे पडते. वरून वायर नवी दिसते, आत मात्र ती खाल्लेली असते. दोन टोके पिळून वर काळी टेप गुंडाळली तरी हाच प्रकार होतो. टोकाला लग दाबून बसवावी आणि जोड होडीच्या तळच्या पाण्यापासून वर ठेवावा.

बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. १२ व्होल्टचा धक्का सहसा बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर लाल होते. बाजूला लाकूड आणि डिझेल असते. किनारा दूर असतो.

हल्ली एलईडी दिव्यांना फार कमी प्रवाह लागतो. त्यांना बारीक वायर पुरते. मात्र थरथर आणि खारे पाणी पूर्वीइतकेच आहे.

शब्दार्थ : डोलकाठी – शीड बांधायचा उंच खांब, नाखवा – होडीचा प्रमुख, कथिल – कल्हईचा धातू, रोध – प्रवाहाला होणारा अडथळा.

स्वाध्याय
१. होडीत घरापेक्षा जाड वायर का लागते?
२. फ्यूज कोणाचे रक्षण करतो?
३. डोलकाठीवर एकच २४ वॅटचा बल्ब असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर पास होईल का? गणित करून दाखवा.