ऊसतोड भगिनींचे बाळंतपण आणि कायदा



लागण, खोडवा, खते यांविषयी या पानावर आपण नेहमी वाचता. या खेपेचा विषय आहे तो ऊस तोडणाऱ्या बाईचा.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा 1961 साली झाला. 2017 साली पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. मात्र त्यासाठी आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेले असावे लागते. आपल्याकडे मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. हजेरीपटावर बाईचे नावच नाही, मग रजा कुठली? उलट एक दिवस बसली की खाडा धरतात. म्हणून दिवस भरत आले तरी डोक्यावर मोळी असतेच.

याचा परिणाम बीड जिल्ह्यात दिसला. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या त्रासापायी खाडा नको आणि वर कॅन्सरची भीती, ही त्यामागची कारणे. त्यानंतर तेथील खाजगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

रजा मिळो न मिळो, सरकारी दवाखान्यात 2011 पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण व जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. परजिल्ह्यातील बाईलाही हा हक्क आहे.

तरी सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

1) टोळी उतरताच गरोदर बायका किती व कितवा महिना, हे घरातल्या बाईमाणसाने विचारावे. बाप्याला त्या सांगणार नाहीत. मग गावच्या आशाताईंना कळवावे.

2) तपासणीसाठी वणीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. त्या दिवसाचा खाडा धरू नये, हे मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे.

3) कळा सुरू होताच 102 किंवा 108 ला फोन करावा. फडाचा रस्ता नीट सांगावा, वाटेवर माणूस उभा करावा.

4) शेवटच्या महिन्यांत मोळी वाहू देऊ नये. बाळंतपणानंतर 6 आठवडे बाईला कामावर घेण्यास कायद्याने मनाई आहे.

ऊस एक दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडी घट येईल. तेवढी आपण सोसावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी